नेम चुकल्यावर

संकष्टीची सकाळ. माणूस मिसळीच्या दुकानात बसलाय, कट दुसऱ्यांदा मागून झालाय, ब्रेडचा तुकडा मोडून बुडवलाय, आणि तेवढ्यात मोबाईलवर कुणीतरी चंद्रोदयाची वेळ पाठवतं. घास हातातच राहतो.

देवाची भीती आणि देवाची भक्ती या आजच्या विषयाला इथूनच हात घालू, कारण भीतीनं देवाचं करणारा आणि प्रेमानं करणारा हे देव्हाऱ्यासमोर वेगळे ओळखू येत नाहीत. दोघं हात जोडतात, दोघं डोळे मिटतात, उदबत्तीही एकाच दुकानातली असते. फरक कळतो तो नेम चुकला की. एक जण कपाळावर हात मारतो, "बाप्पा, ध्यानातच राहिलं नाही बघ," म्हणतो आणि उरलेला दिवस निभावून रात्री चंद्राला हात जोडतो. दुसरा पैसे देऊन उठतो, पण मन तिथंच अडकतं. दुपारी गाडी पंक्चर होते: "तरीच!" संध्याकाळी पोराला ताप येतो: "तरीच!" हा "तरीच" नीट ऐकायला शिकलं पाहिजे. भयाचं सगळं शास्त्र त्या एका शब्दात आहे.

अंधश्रद्धेचं मानसशास्त्र म्हटलं की वक्ते मानसशास्त्रज्ञ स्किनरची कबुतरं काढतात. १९४८ साली स्किनरनं आठ भुकेली कबुतरं पेट्यांत ठेवली आणि ती काहीही करोत, ठरावीक सेकंदांनी दाणे पुढं सरकवले. आठांपैकी सहांनी स्वतःचा विधी बसवला. एक गोल गोल फिरे, एक कोपऱ्यात मान खुपसे. पुढं १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी असाच प्रयोग बारकाईनं केला, तेव्हा दाणे यायच्या वेळच्या हालचाली बऱ्याचशा टोच मारण्याच्या उपजत सवयीतल्याच निघाल्या. पण माझी तक्रार वेगळी आहे. कबुतराला काहीतरी मिळवायचं असतं. भयानं नेम पाळणाऱ्याला बहुतेक वेळा काही मिळवायचं नसतं, काहीतरी टाळायचं असतं. त्याच्यासाठी कुत्र्यांचा प्रयोग बघायला हवा.

१९५३ च्या सुमारास सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन कप्प्यांची पेटी केली, मधे उडी मारून ओलांडण्याजोगा अडसर. कप्प्यातला दिवा गेला की दहा सेकंदांनी तळातून विजेचा जबर झटका. थोड्याच खेपांत कुत्रा शिकतो, दिवा गेला की पलीकडं उडी. मग संशोधकांनी वीज कायमची बंद केली. कुत्री तरी उड्या मारतच राहिली, शेकडो वेळा, आणि आधीपेक्षा चपळाईनं. वीज गेली हे त्यांना कळणार कसं? कळायला झटक्याच्या वेळी तिथं उभं राहायला हवं, आणि उडी तर आधीच पडलेली असते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीला थरथरणारी, केकाटणारी ही कुत्री पुढं अगदी शांत दिसायला लागली. "आमच्याकडं भीतीबिती काही नाही हो, आम्ही श्रद्धेनं करतो," असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याची उडी वेळेवर पडतेय, म्हणून भीती वर येत नाही. संशोधकांनी मधे काच उभी केली, वाट अडवली, तेव्हा भय पुन्हा अंगभर दिसलं. मिसळीचा तो घास म्हणजे ही काच.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ, जटेचं. कोल्हापूर जिल्ह्यातून कर्नाटकातल्या सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणारी घरं पुष्कळ. केसांत गुंता झाला आणि तो सुटेना, की देवीनं बोलावलं असं मानायची रीत आहे. गुंता सुरुवातीला मानेमागं नाण्याएवढा असतो. तेल लावून, बोटांनी मोकळा करून, रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडं नेला तर तेव्हा तो सुटतो. पण "जट आली" असं एकदा कुणी म्हटलं की कंगवा बंद होतो, हळद-कुंकू लागतं, धूळ, घाम, तेल बसत जातं आणि केस लोकरीच्या नमद्यासारखे एकमेकांत घट्ट होतात. पुढं मान दुखते, उवा होतात, ओल राहून डोक्याला जखमा होतात. बाई सगळं सोसते, कारण कापलं तर घरावर कोप. आणि कापलं जात नाही, त्यामुळं कोप होतो की नाही हे कधीच पाहिलं जात नाही. पेटीतला कुत्राच हा, फक्त उडी वर्षानुवर्षांची.

जट कापणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. धारदार कात्री, भरपूर तेल, टाळूपासून बोटभर केस राखून थोडे थोडे कापत जायचं. सगळी जट एकदम ओढली तर कातडी सोलते. चुकतं ते कापल्यानंतर. पाच-सहा माणसांच्या घरात महिन्या-दीड महिन्यात कुणीतरी आजारी पडतंच, जट असो वा नसो. ते आजारपण आलं की "तरीच!" म्हणून कापायच्या आधीच त्या घरात बसून गेल्या वर्षभरातली दुखणी, नुकसान, भांडणं कागदावर लिहून काढावीत. जट डोक्यावर असतानाही एवढं झालं होतं, हे त्यांच्याच अक्षरात त्यांच्यासमोर राहतं. संमती त्या बाईची स्वतःची हवी, आणि ती सासू-नवऱ्यासमोर बोललेली हवी. तिला आधी देवीची ओटी भरायची असेल तर भरू द्यावी. त्यावरून वाद घालणारा कार्यकर्ता एक वाद जिंकतो आणि जट हरतो. शिवाय पुढचे दोन महिने त्या घरी जाणं सोडू नये. कात्री चालवून फोटो काढून निघून आलं, तर पहिल्या तापाला ती बाई एकटी पडते.

एवढ्यावरून भीती वाईट आणि भक्ती चांगली अशी वाटणी करायचा मोह होतो. ती टिकत नाही. रुडॉल्फ ऑटो या जर्मन अभ्यासकानं १९१७ मध्ये म्हटलं की पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकाच वेळी असतात. गीतेच्या अकराव्या अध्यायात हेच घडतं. विश्वरूप बघून अर्जुन कापतो, सखा म्हणून केलेल्या थट्टेची माफी मागतो, आणि मग म्हणतो, तुझं ते ओळखीचं रूप दाखव. घाबरून तो ज्याला घाबरला त्याच्याकडंच वळतो.

ही वळण्याची दिशा मोजता येते का? लहान मुलांत येते. मुलाच्या आईशी असलेल्या ओढीचा सिद्धांत मांडणाऱ्या बोल्बी यांच्या विचाराला धरून मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांचा अभ्यास केला. अनोळखी खोली, आई फार तर तीन मिनिटं बाहेर जाते, मग परत येते. आई गेल्यावर मूल किती रडलं यावर त्यांचा भर नव्हता; ती परतल्यावर ते काय करतं यावर होता. काही मुलं कडेवर जातात आणि निवतात. काही चिकटतात पण शांत होत नाहीत, उलट आईलाच मारतात. काही तोंड फिरवून खेळण्यात गुंततात. ली कर्कपॅट्रिक या मानसशास्त्रज्ञानं हीच चौकट देवाशी असलेल्या नात्याला लावली. देवीला आई आणि विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटू नये. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. ज्याचा कोप होईल अशी धास्ती आहे, त्याला शिव्या घालायची कुणाची हिंमत होत नाही.

कोल्हापुरात याचं एक सुंदर दृश्य दर वर्षी दिसतं, किरणोत्सवात. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि तीन दिवसांत अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. कधी कधी पोचतच नाहीत. तेव्हा गर्दी काय बोलते? ढग आले, हवेत धूळ होती, वाटेत इमारती उठल्यात. सूर्याचा नेम चुकतो आणि कुणी "तरीच" म्हणत नाही. उद्या पुन्हा येऊ म्हणतात. हीच माणसं घरातला वार चुकला की हवालदिल का होतात, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

नातं कोणत्या प्रकारचं आहे याचा परिणाम शरीरापर्यंत जातो असं दिसतं. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा अभ्यास आहे, ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा, अमेरिकेतल्या रुग्णालयातला. "देवानं मला टाकलं", "देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही", "हे सैतानाचं काम" असं म्हणणाऱ्यांचा पुढच्या दोन वर्षांतला मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त निघाला. आजाराची तीव्रता आणि मनाची अवस्था हिशेबात धरूनही. हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि ती माणसं बहुतांशी ख्रिस्ती होती. तरी "देव कोपला" हे वाक्य रुग्णाच्या उशाशी बसून उच्चारताना ते आठवावं.

भीतीचं सोनं कसं होतं तेही कोल्हापुरातच बघायला मिळतं. आषाढात पंचगंगेला नवं पाणी येतं, गढूळ. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, काळात हेच दिवस धास्तीचे. ते पाणी कलशांतून पी-ढबाक वाद्याच्या गजरात टेंबलाईच्या डोंगरावर नेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. प्रत्येकाच्या पोटातली धास्ती एका वाद्याच्या तालावर, एका रस्त्यावर येते आणि तिची जत्रा होते. यात फसगत एकाच ठिकाणी होऊ शकते: विधी केला म्हणून काळजी घेणं सोडलं तर. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कींनी पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं होतं की खाडीतल्या बिनधोक मासेमारीला लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खोल समुद्रावर जाताना करतात. नावेची डागडुजी मात्र दोन्हीकडं चोख. आपल्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. नदीची ओटी जरूर भरावी, पण जनावरं आधी हलवावीत. पान लागलं, म्हणजे साप चावला, तर देवळाची पायरी नंतर, लस असलेला दवाखाना आधी. बरेच साप बिनविषारी असतात, विषारीही दर वेळी विष सोडत नाही. म्हणून मांत्रिकाला यश मिळत राहतं. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैदेचा.

भीती उत्पन्न करणाऱ्यांची पद्धतही ठरलेली असते. आधी कुठल्याही घरात खरं ठरेल असं विधान: पैसा येतो पण टिकत नाही. मग त्याला नाव, करणी किंवा पितृदोष. मग मुदत, येत्या अमावास्येच्या आत. मग कुणाला सांगू नका. शेवटची अट सगळ्यात घातक, कारण चार माणसांत बोललं की अर्धी भीती गळते.

आता आजाराबद्दल. काही माणसांत भय मंत्रचळापर्यंत, म्हणजे ओसीडीपर्यंत, जातं. जपात एक शब्द अडखळला म्हणून माळ पहिल्यापासून, मूर्तीसमोर मनात घाण विचार आला म्हणून पुन्हा आंघोळ, आणि घरच्यांना दिवसातून वीस वेळा एकच प्रश्न, "पाप लागलं नाही ना?" घरचे मायेनं सांगतात, "नाही रे." ते उत्तर म्हणजेच उडी. पाच मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा विचारावं लागतं. मनोविकारतज्ज्ञ इथं काच लावतात, पण हळूहळू. ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांना रुग्ण शून्य ते शंभर गुण देतो. तीस-चाळीस गुणांच्या पायरीपासून सुरुवात: माळेत एक मणी मुद्दाम चुकवायचा, माळ पुन्हा ओढायची नाही, घालमेल आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं आणि दर पाच मिनिटांनी गुण लिहायचे. ती उतरते. एकाच पायरीवर रोज, मग वरची पायरी. घरच्यांचं उत्तर ठरलेलं हवं: "यावर आपण बोलायचं नाही असं ठरलंय." औषधं लागली तर गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, दहाव्या दिवशी बंद करू नयेत. आणि उपचार करणाऱ्यानं देव सोडायला सांगू नये. त्या घराण्याच्या रीतीत साधा भाविक जेवढं करतो तेवढं राहू द्यावं. ती मर्यादा ठरवायला घरचे गुरुजी फार कामाला येतात, शंभरातले नव्वद गुरुजी "एवढं कशाला करता?" असंच म्हणतील.

ज्यांना आजार नाही, नुसता "तरीच" आहे, त्यांना एक साधा उपाय. नेम चुकला त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहा: काय चुकलं, आता काय होईल असं वाटतंय, किती दिवसांत. मोघम लिहू नका. "काहीतरी वाईट" लिहिलं तर पंक्चरही त्यात बसतं. पुढच्या संकष्टीला, चंद्र उगवायची वाट बघत बसाल तेव्हा, तो चौकोन वाचा.