पोट बघा, बोटं मोजा

(दृश्य: सारंगखेड्याची यात्रा. घोडेबाजार. मग खेळण्यांची पालं.)

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात लोक येतात ते एकमुखी दत्ताच्या दर्शनाला आणि घोडे बघायला. घोड्यातला जाणकार आधी जनावराचं तोंड उघडून दात बघतो, किमतीचं नंतर. बाजार ओलांडून थोडं पुढे गेलात की खेळण्यांची पालं लागतात. तिथे आम्हा खेळण्यातले डायनासोर जमवणाऱ्यांपैकी काही जण ढिगावर वाकून प्लास्टिकच्या जनावरांची पोटं तपासत असतात. पालवाल्याला हे नवीन नाही, तरी तो विचारतोच, "काय दखी राह्यनात भाऊ? हाऊ डायनासोर शे. दहाले एक."

डायनासोर आहे, कबूल. पण कुठला? कुणी केलेला? केव्हाचा? पाकिटावर नाव असलंच तर ते कुठल्याही पाकिटाला चालेल असं असतं. आणि ढिगातल्या सुट्या मालाला तर तेही नाही.

(दृश्य: टेबल. कोमट पाण्याचं भांडं, जुना टूथब्रश.)

घरी आणल्यावर आधी अंघोळ. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावायचा नाही. मळाबरोबर रंगही निघतो, आणि रंग हाही पुरावाच असतो. कधी धुतल्यावरही अंग चिकट लागतं. तो मळ नसतो. पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन वर्षानुवर्षं बाहेर पाझरत असतं.

आता पोट. पोट, शेपटीची खालची बाजू, मांडीचा आतला भाग, तळवे. कारखान्याची खूण असलीच तर इथेच असते, आणि इतकी उथळ की भर उन्हात दिसत नाही. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पोटाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. अक्षरांना सावली पडते आणि ओळ उमटते. कोरलेली अक्षरं असतील तर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून वरची फुंकून टाका; खाचेत अडकलेली वाचता येते. जळगावच्या सराफ बाजारात कारागीर डोळ्याला लावतात तसलं भिंग असेल तर मग काय विचारता.

‘हाँगकाँग’ दिसलं तर माल बहुधा जुना. 1980 च्या दशकात तिथले कारखाने सीमेपलीकडे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सरकले आणि पोटांवर ‘मेड इन चायना’ आलं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर सोपं काम: ऑक्टोबर 1990 मध्ये त्या नावाचा देशच संपला. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, म्हणून ते चिन्ह असलेलं पाकीट अलीकडचं धरायला हरकत नाही. चिन्ह नाही म्हणून जुनं, असं मात्र धरू नका. आठवडी बाजारात नियम निवांत पोचतात.

वर्षाने हुरळून जाऊ नये. गोलातल्या ‘सी’ (म्हणजे कॉपीराइटच्या खुणे) पुढचं वर्ष मूळ मूर्ती घडवल्याचं असतं, हातातला नग ओतल्याचं नव्हे. चांगला साचा दशकं-दशकं माल काढत राहतो.

बड्या घरांच्या खुणा ठरलेल्या आहेत. अमेरिकेच्या मार्क्स कंपनीचे डायनासोर 1950 च्या दशकातले. इंग्लंडच्या इन्व्हिक्टाने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी 1974 पासून जे केले ते एकरंगी, अंगावर संग्रहालयाचं नाव. सफारी कंपनीचा कार्नेगी संग्रह 1988 ते 2015. जर्मनीची श्लाइश, फ्रान्सची पापो. पण खरं सांगायचं तर या घरांचा अस्सल माल खानदेशातल्या हाटात सहसा लागत नाही. इथे येते त्याची नक्कल, आणि त्या नकलेची नक्कल. मला विचाराल तर शोधाची खरी गंमत तिथेच आहे. नाव छापलेल्या खेळण्याची ओळख पटवण्यात कसली आलीय मर्दुमकी?

(दृश्य: एकाच घडणीचे तीन नग, उतरत्या आकारात. व्हर्नियर कॅलिपर.)

प्लास्टिक थंड होताना आकसतं. अस्सल नगावरून कुणी साचा काढला की त्यातून निघणारा नग किंचित लहान भरतो. त्याच्यावरून पुन्हा साचा, की आणखी लहान. दर पिढीला खवले बुजत जातात, बोटांमधल्या फटी भरतात, सुटे सुटे दात एकमेकांना चिकटून नुसती पांढरी पट्टी होते. म्हणून एकसारखे दिसणारे नग शेजारी ठेवून मोजायचे. उंचीवर फार भिस्त ठेवू नये, पाय वाकतात. डोळ्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर घ्यावं. कोण कुणाच्या पोटचा, ते कॅलिपर सांगतं.

आणि पोट साफ कोरं असेल तर? तर चुका बघायच्या.

(दृश्य: हिरवा नग, अगदी जवळून.)

हा बघा. वीतभर लांबीचा, हिरवा, पोकळ. डोकं मोठं, चौकोनी. शेपूट जमिनीला टेकलेली. हाताला बोटं किती? तीन. टायरॅनोसॉरसला दोनच असतात. तीन असतात अ‍ॅलोसॉरसला. पण हे डोकं अ‍ॅलोसॉरसचं नाही, त्याच्या डोळ्यांवर शिंगांसारखे उंचवटे हवेत. म्हणजे करणाऱ्याला टायरॅनोसॉरसच करायचा होता. त्यालाही फार बोल लावता येत नाही. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात 1915 मध्ये उभ्या केलेल्या नामांकित सांगाड्यालाही तीनच बोटं लावली होती, कारण हाताची पुरती हाडं तेव्हा सापडलेलीच नव्हती.

शेपटीचं म्हणाल, तर हे प्राणी शेपूट हवेत तोलून धरत, हे चित्र 1970 च्या दशकापासून रुजत गेलं. त्याआधीचे सगळे कांगारूसारखे टेकून बसलेले. फक्त शेपटीवरून वय ठरवायचं नाही. दोन पायांचं खेळणं पडू नये म्हणून स्वस्तातले कारखाने आजही शेपूट खाली आणतात. पण तीन बोटं, टेकलेली शेपूट, आणि डाव्या पायावर एक जादाची सुरकुती! ती सुरकुती महत्त्वाची. तीच सुरकुती धुळ्याला पाच कंदिलाजवळ मिळालेल्या तपकिरी नगावर आहे आणि भुसावळच्या भंगारातल्या लाल नगावरही. रंग वेगळे, माप वेगळं, पण खानदान एक. नक्कल करणारा बोटं मोजत बसत नाही, सुरकुत्या पुसत नाही. चूक जशीच्या तशी पुढे जाते. कोऱ्या पोटाच्या मालाला हाच शिक्का.

काही चुका तर तारीखच सांगतात. गळ्याभोवती छत्रीसारखी झालर असलेला डायलोफोसॉरस 1993 च्या आधीचा असणं अवघड, कारण ती झालर ‘जुरासिक पार्क’ चित्रपटासाठी रचलेली. जीवाश्मात तिचा मागमूस नाही. स्पायनोसॉरसचं उलटं आहे, तिथे विज्ञान बदलत गेलं. मागचे पाय आखूड असल्याचं 2014 च्या संशोधनाने मांडलं, वल्ह्यासारखी चपटी शेपूट 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. वल्ह्याची शेपूट दिसली की तो नग त्यानंतरचाच.

पाठीवर शीड असलं म्हणजे स्पायनोसॉरस, असंही नाही. चार पायांवर पसरून चालणारा, सरड्यासारखा दिसणारा डायमेट्रोडॉन जवळजवळ प्रत्येक पाकिटात असतो आणि तो डायनासोरच नाही. पहिला डायनासोर जन्मण्याच्या कोट्यवधी वर्षं आधी तो संपला, आणि नात्याने तो त्यांच्यापेक्षा आपल्याला जवळचा. उडणारा टेरॅनोडॉनही डायनासोर नव्हे. पाकिटवाल्याला त्याचं काय!

(दृश्य: ‘अनोळखी’ असं लिहिलेलं खोकं.)

मग उरतात ते कुणाच्याच वंशातले नसलेले. पाठीवर कवच, तोंडाला चोच, शेपटीला पंखा. यांच्यासाठी पुस्तकं चाळून उपयोग नाही, असा प्राणी झालाच नाही. पण त्यांनाही इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स या अमेरिकी माणसाने 1970 च्या दशकात खेळाच्या पटावर वापरायला अशाच स्वस्त पाकिटातली हाँगकाँगी जनावरं आणली. त्यांना नावं दिली, ताकदी दिल्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातले रस्ट मॉन्स्टर, बुलेट आणि आउलबेअर हे तीन राक्षस तिथून आले. आज त्या मूळ खेळण्यांसाठी संग्राहक जग पालथं घालतात. म्हणून आमच्या खोक्यातलं काही टाकायचं नाही. चिठ्ठीवर नाव कोरं ठेवायचं. लांबी, वजन, बोटं, सांधरेषा (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) कुठून गेली ते, आणि कुठल्या बाजारात मिळाला, एवढं लिहायचं.

(दृश्य: सातपुडा, नर्मदेचं पात्र. मग पाटणादेवीचं जंगल.)

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नर्मदा वाहते. तिचं नाव मिळालेला डायनासोर आहे, राजासॉरस नर्मदेन्सिस. हाडं गुजरातेत तेव्हाच्या खेडा, आताच्या महिसागर जिल्ह्यातल्या रहिओलीची, नामकरण 2003 चं. डोक्यावर बुटकं शिंग असलेला हा मांसाहारी गडी आमच्या हाटातल्या ढिगात मात्र अजून दिसलेला नाही. खुद्द खानदेशात पायाखाली आहे तो लाव्हाचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यात डायनासोरची हाडं शोधून फारसं हाती लागणार नाही.

पण चाळीसगाव तालुक्यात पाटणे आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले. त्याचे मणी केलेले, एका तुकड्यावर रेघांची नक्षी कोरलेली. वय सुमारे 25,000 वर्षं. भारतात सापडलेल्या अशा कवचांमधला डीएनए तपासला तेव्हा तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. म्हणजे खानदेशचा प्रागैतिहासिक प्राणी संग्रहात हवा असेल तर महागडं काही मागवायला नको. जंगली प्राण्यांच्या पाकिटात सिंह आणि झेब्र्याच्या मधे जो शहामृग येतो, तो चालेल. बोटं तेवढी मोजून घ्या, एका पायाला दोनच हवीत. आणि त्याला डायनासोरांच्या फळीवर ठेवला म्हणून कुणी हसलं, तर पक्षी कुणाच्या वंशातले ते त्यालाच विचारा.