मेंढ्याचा परवाना

कोयता पेऱ्याच्या जरासा वर बसतो. कोवळ्या कोंबाला धक्का लागू द्यायचा नाही, बेटातले जून बांबू तेवढे काढायचे. ग्रामसभेत ठरलं, तसंच.

हे मेंढा. लेख्याजवळचं, म्हणून मेंढा-लेखा. तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली. गोंडांचं गाव. इथली गोंडी घोषणा आहे, 'मावा नाटे मावा राज'. आमच्या गावात आमचं राज्य.

आता हे पुस्तक नीट पाहा. वाहतूक परवान्याचं, म्हणजे जंगलातला माल बाहेर नेण्याच्या परवान्याचं पुस्तक. इकडे सगळे या परवान्याला टीपी म्हणतात, ट्रान्झिट पास. सत्ता गावात आली म्हणजे नेमकं काय आलं, ते या पुस्तकात दिसतं.

वनहक्क कायदा २००६ चा. अर्ज, नकाशा, निस्तार हक्काच्या (घरगुती गरजेपुरतं जंगलातून घेण्याच्या हक्काच्या) जुन्या नोंदी, म्हाताऱ्यांचे जबाब, सगळं ग्रामसभेनं गोळा केलं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात सगळ्यात आधी हा हक्क मिळालेली गावं दोन, मेंढा आणि शेजारचं मर्दा.

जंगल मिळालं, पण बांबू विकता येईना. १९२७ चा वन कायदा बांबूला झाड म्हणायचा, २००६ चा कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातलं इतर उत्पन्न, ज्यावर गावाचा हक्क. बांबू तर मुळात गवत! टीपीचं पुस्तक मात्र वनविभागाकडंच. त्यावाचून गावाचा बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता.

२७ एप्रिल २०११. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

ही ग्रामसभा. ग्रामपंचायत नव्हे, तो फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो. पंचायत अनेक गावांची मिळून असू शकते, तिथं निवडून गेलेले मोजके लोक बसतात. इथं गावातलं प्रत्येक प्रौढ माणूस सभासद. मतदान होत नाही. एकाचाही विरोध असला, तर विषय पुढच्या बैठकीत पुन्हा निघतो. त्यात वेळ जातो, आणि तो द्यावाच लागतो. बायका बघा, मागच्या रांगेत नाहीत.

बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यावर येतात, मजुरीही गावातच मिळते.

ट्रक भरला. दोर आवळला. कागद ड्रायव्हरच्या हातात दिला. वाटेत तपासणी झालीच, तर हाच दाखवायचा.

खाली सही ग्रामसभेची.