पोलादी पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "मार्क एवढे चांगले पडलेत, मग आर्ट्सला कशाला?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे हे वाक्य दर जूनमध्ये कानांवर पडायचं. आता त्यात भर पडली आहे. आर्ट्सच्या कॉलेजांनीही संगणकाचे वर्ग काढावेत, विज्ञान वाढवावं, नाहीतर मुलं येणार नाहीत, असं म्हणतात. काढावेत की. पण कसे काढावेत, ते सांगायला आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यात हॅनोव्हर नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या डार्टमथ कॉलेजात.

डार्टमथची स्थापना 1769 सालची. म्हणजे पानिपतानंतर अवघ्या आठ वर्षांनी. आता ते विद्यापीठ आहे, पण नावातलं 'कॉलेज' त्यांनी सोडलेलं नाही. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा अशा विषयांची तिथे जुनी परंपरा. 1950 च्या दशकाच्या मध्यात या कॉलेजाकडे स्वतःचा संगणक नव्हता. गणित विभागात मात्र दोन भारी माणसं होती. एक जॉन केमेनी. बुडापेस्टला जन्मलेले, शाळकरी वयातच अमेरिकेत आलेले, प्रिन्स्टनला काही काळ आइन्स्टाइनचे साहाय्यक असलेले. दुसरे टॉम कर्ट्झ, संख्याशास्त्राचे. माझी गोष्ट या कर्ट्झ यांची आहे. मी ती इतक्यांना सांगितली आहे की घरात सुरुवात केली की मुलगी स्वयंपाकघरात निघून जाते. तुम्हाला मात्र ऐकावी लागेल.

तर, संगणक होता बॉस्टनजवळ, एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत. आयबीएम कंपनीचा, 704 नावाचा, हॉलभर पसरलेला. आसपासच्या कॉलेजांना त्यावर थोडा वेळ मिळायचा. डार्टमथहून तो जवळपास दोनशे किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबईपेक्षाही लांब. कर्ट्झ काय करत? भल्या पहाटे उठत, नदीपलीकडच्या व्हाइट रिव्हर जंक्शनला जाऊन बॉस्टनची गाडी पकडत. साधारण पंधरवड्यातून एकदा. हातात एक पोलादी पेटी. पेटीत काय? डबा नव्हे. पेटीत भोकं पाडलेली जाड कागदाची कार्डं. एका कार्डावर प्रोग्रामची, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची, एक ओळ. आपलीही कार्डं, सहकाऱ्यांचीही कार्डं. म्हणजे अख्ख्या कॉलेजाचं संगणकाचं काम एका माणसाच्या हातातल्या पेटीत मावत होतं.

तिथे जाऊन कार्डं द्यायची, यंत्र वाचणार, उत्तर छापून येणार, ते घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. आणि एखाद्या कार्डावर स्वल्पविराम चुकला असला तर? तर उत्तर नाही. घरी या, चूक शोधा, नवं कार्ड पाडा, पुढच्या खेपेला पेटीत घाला. एका स्वल्पविरामाला पंधरा दिवस! मी मुलांना म्हणायचे, तुम्ही निबंधात विरामचिन्हं खाता ना, तुम्हाला कर्ट्झच्या गाडीत बसवायला हवं. (शुद्धलेखन आता मोबाइल सुधारतो म्हणे. मराठीचं तरी तो बिघडवतोच, पण ते पुन्हा कधीतरी.)

आता गोष्टीतली खरी गंमत. त्या काळी जाणकार म्हणायचे, संगणकाचा वेळ सोन्याच्या मोलाचा, तेव्हा माणसानं यंत्राच्या भाषेत लिहावं. माणसाला त्रास झाला तरी चालेल, यंत्राचा वेळ वाचला पाहिजे. कर्ट्झ यांनीही तसंच केलं. एक गणित यंत्राच्या जवळच्या, किचकट भाषेत लिहिलं. पेटी घेऊन गेले. चुकलं. दुरुस्त केलं, पुन्हा गेले. पुन्हा चुकलं. असे महिने गेले, यंत्राचा तासभर वेळ खर्च झाला आणि हाती आली अर्थहीन आकड्यांची भेंडोळी. वैतागून त्यांनी तेच गणित फोरट्रान या तुलनेनं सोप्या, नुकत्याच आलेल्या भाषेत लिहिलं. जाणकार या भाषेला नाकं मुरडत, यंत्राचा वेळ वाया घालवते म्हणून. उत्तर आलं. यंत्राचा वेळ लागला किती? पाच मिनिटं.

पुन्हा सांगते. यंत्राची सोय पाहिली तेव्हा तास गेला आणि उत्तर नाही. माणसाची सोय पाहिली तेव्हा पाच मिनिटं आणि उत्तर हातात.

गाडीत परत येताना कर्ट्झ यांच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक नाही. पण पुढे त्यांनी आणि केमेनींनी जे केलं ते याच वाटेनं गेलं. त्यांनी आपल्या कॉलेजाकडे पाहिलं. विज्ञान आणि इंजिनिअरिंगची मुलं सुमारे पाव, बाकी तीन हिस्से इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य शिकणारी. उद्या कचेऱ्या, कंपन्या, सरकार चालवणार ही दुसरी मुलं. संगणकाबद्दलचे निर्णय तीच घेणार. मग संगणक शिकवायचा कोणाला? तर सगळ्यांना. हे लक्षात ठेवा, सगळ्यांना.

त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. एक, यंत्र एकच असलं तरी अनेकांना एकाच वेळी वापरता यावं. पंक्तीत वाढपी एकच असतो, पण तो एका पानावर बसून राहत नाही. इथे चमचाभर, तिथे चमचाभर, आणि जेवणाऱ्याला वाटतं आपल्याकडेच लक्ष आहे. यंत्रानं तसंच करायचं. दुसरी गोष्ट, सोपी भाषा. ती त्यांनी स्वतः रचली. तिचं नाव बेसिक. सुरुवातीला आज्ञा मोजून चौदा. यंत्राशी बोलायला लागायचं तर 'हॅलो' टाइप करायचं, निघताना 'गुडबाय'.

ही सगळी जुळणी बरीचशी कॉलेजातल्या पोरांनी केली. या कामासाठी केलेल्या अनुदानाच्या अर्जाच्या वेळीच काहींनी शंका घेतली होती की हे काम विद्यार्थ्यांना झेपेल का. 1 मे 1964, पहाटेचे चार, कॉलेज हॉलचं तळघर. दोन टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रांवर, दोघांनी एकाच वेळी 'रन' टाइप केलं. दोघांनाही बरोबर उत्तर आलं. ज्या वेळी कर्ट्झ गाडी पकडायला उठत असतील जवळपास त्याच वेळी, बरं का.

मग पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गातच संगणक आला. दोन-तीन व्याख्यानं, आणि मग बसा, लिहा, चुका, सुधारा. पैसे नाहीत, परवानगीचा अर्ज नाही, का हवाय हे विचारणं नाही. ग्रंथालयात कपाटापाशी जाऊन पुस्तक काढावं तसा संगणक. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आपल्याकडे कित्येक कॉलेजांत पुस्तकंच कुलपात असतात. आधी चिठ्ठी भरा, मग शिपाई आणून देणार, तेही चहा झाल्यावर. पुस्तक चाळल्याशिवाय ते आपल्याला हवंय हे कसं कळणार? असो.

एक उणीव सांगायलाच हवी. 'सगळ्यांना' म्हणताना तेव्हा डार्टमथमध्ये सगळे म्हणजे मुलगे. मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळाला 1972 मध्ये, केमेनी अध्यक्ष असताना.

आणि आश्चर्य बघा, या कॉलेजात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला तो 1994 मध्ये. तळघरातल्या त्या पहाटेनंतर तीस वर्षांनी! आधी सगळ्यांच्या हातात यंत्र, मग विभाग. 2022 मध्ये तिथे इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्र यांची एकत्र मोठी नवी इमारत झाली. आपल्याकडे उलटं असतं. आधी इमारत, मग फलक, मग कोनशिला, आणि इतिहासाच्या मुलांना आत यायला बंदी.

ही बंदी मी भोगली आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या कॉलेजात 1988 च्या सुमारास संगणक आला. एसीची खोली, चपला बाहेर, आणि प्रवेश फक्त सायन्सला. भौतिकशास्त्राचे एक सर भले होते. कॉलेज सुटल्यावर त्यांनी मला आत घेतलं आणि तीच बेसिक शिकवली. मी लिहिलेला पहिला प्रोग्राम आठ ओळींचा होता. राजाच्या राज्यारोहणाचं आणि मृत्यूचं साल द्यायचं, कारकीर्द किती वर्षांची ते यंत्र सांगणार. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. स्वल्पविराम! पंधरा दिवस थांबावं लागलं नाही, पंधरा सेकंदांत दुरुस्त झाला. मी 1674 आणि 1680 हे आकडे दिले. पडद्यावर 6 उमटलं.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, महाराजांच्या राज्याभिषेकानंतरची सहा वर्षं मोजायला तुम्हाला संगणक लागतो?"

मी म्हटलं, "नाही सर. पण आता बहामनींचे सगळे सुलतान घालून बघते."

रात्री आठपर्यंत बसलो होतो. शेवटी शिपाई किल्ली घेऊन दारात येऊन उभा राहिला.

नमस्कार.