दहा रुपयांचा स्टॅम्प, दीडशे शब्द

(दृश्य: गल्लीतला काँक्रीटचा रस्ता, वर आलेली खडी)

एका पावसाळ्यात रस्त्याची खडी वर आली. कुणीतरी माहिती अधिकारात अर्ज टाकतो: ‘आमच्या गल्लीतला रस्ता इतक्या लवकर का उखडला?’ उत्तर येतं, हा प्रश्न ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. राग येतो, पण कायद्याने ते उत्तर चूक नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच सांगून ठेवलंय, की ‘का’ची कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे. 2005 चा कायदा दप्तरात असलेला कागद मिळवून देतो. म्हणून कागदाचं नाव घ्यायचं.

(दृश्य: टेबलावर जोडपत्र ‘अ’, म्हणजे माहितीच्या अर्जाचा नमुना)

रस्त्याच्या कामाचे कागद ठरलेले असतात. मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातली (झालेल्या कामाची मापं नोंदवतात ती वही) संबंधित पानं, ठेकेदाराला दिलेली देयकं, कामपूर्णत्वाचा दाखला. कामाचं नाव आणि आर्थिक वर्ष लिहा, म्हणजे ‘बोध होत नाही’ म्हणायला जागा उरत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय, तोही साधारण दीडशे शब्दांत. रस्ता आणि पाणीपुरवठा एकत्र कोंबू नका, दोन अर्ज करा. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही.

वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडली की झालं. केंद्र सरकारच्या कार्यालयाला मात्र हा स्टॅम्प चालत नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लावा.

(दृश्य: आवक शिक्का)

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढची सगळी मुदत या तारखेवरून मोजली जाते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम.

उत्तराला तीस दिवस. मध्येच ‘इतकी पानं, इतके रुपये भरा’ असं पत्र आलं, तर लगेच भरा. पानाला दोन रुपये. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, आणि अर्ज इथेच रेंगाळतात. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती मात्र फुकट द्यावी लागते.

तीस दिवस गेले आणि काहीच आलं नाही, तर तो नकारच. पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा: जोडपत्र ‘ब’ हा अपिलाचा नमुना, वर वीस रुपयांचा स्टॅम्प, आणि द्यायचं प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे. निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड लावू शकतो. सुनावणीचा नंबर लागायला मात्र महिनेच्या महिने जातात, म्हणून पहिला अर्जच नेटका हवा.

(दृश्य: मोजमाप पुस्तकाचं उघडं पान)

प्रतींपेक्षा अभिलेख प्रत्यक्ष पाहायला मागणं कधीकधी सरस. पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी असे रकाने असतात. जाडीचा आकडा टिपून घ्या. उखडलेल्या कडेला टेप लावला की तो आकडा खरा की खोटा, ते तिथेच दिसतं. तफावत निघाली, तर याच कायद्याने साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा दहाचा स्टॅम्प.