थरथरणारी गाडी: पाना उचलण्याआधी

मित्रहो, हायवेवर गाडी थरथरते ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा निदानही सोबत घेऊनच येतो. ‘बॅलन्सिंग गेलंय’, ‘अलाइनमेंट आउट आहे’, ‘शॉकअप बसलेत’. त्याच्या सांगण्यावरून काम होतं, बिल होतं, आणि काट्याने नव्वद ओलांडलं की स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागतं. मग आणखी एक भाग बदलला जातो. हा सगळा खर्च टाळता येतो, आणि तो कसा टाळायचा हेच आज सांगायचं आहे. थरथरीला ठेका असतो, जागा असते, आणि ती कधी येते व कधी जाते याचे ठरलेले नियम असतात. हे चालवतानाच नीट टिपलं, तर गाडी जॅकवर चढण्याआधी संशयितांची यादी दोन-तीन नावांवर येते.

ठेक्यापासून सुरुवात करतो, कारण नेमकं तिकडेच कोणी लक्ष देत नाही. लहान-मध्यम गाडीच्या टायरचा घेर साधारण 1.9 मीटर धरा. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. भागाकार करा: चाक सेकंदाला साडेचौदाच्या आसपास फेरे घेतं. टायरमध्ये, रिममध्ये किंवा हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर नटांनी बसतं त्या भागावर, कुठे एक दोष असेल, तर तो प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देणार. सेकंदाला चौदा-पंधरा धक्के माणसाला चांगले कळतात. स्टिअरिंगवरची बोटं हलताना डोळ्यांना दिसतात.

इंजिनाचं गणित वेगळं आहे. त्याच वेगाला, वरच्या गिअरमध्ये, 2500 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 2500 फेरे, असतील तर इंजिन सेकंदाला जवळजवळ 42 फेरे घेतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला 83 झटके. हे झटके सुटे सुटे जाणवत नाहीत. हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं, किंवा केबिन घुमते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जोर मागे नेणारा लांब दांडा असतो, तो प्रॉपेलर शाफ्ट. त्याचा ठेका या दोघांच्या मधे बसतो. डिफरन्शियलचा, म्हणजे शाफ्टकडून चाकांना जोर देणाऱ्या मागच्या गिअरांचा, रेशो चारच्या जवळ असेल, तर शाफ्ट चाकाच्या चौपट फिरतो, म्हणजे 100 च्या वेगाला सेकंदाला 58 फेरे.

आता हाताला अंदाज येत नसेल, तर खिशातला फोन वापरा. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो, आणि कंपनं सेकंदाला किती हे आलेखावर दाखवणारी अ‍ॅप मिळतात. फोन पुढच्या दोन सीटच्या मधल्या कन्सोलवर घट्ट सपाट ठेवा, आणि वाचायचं काम शेजारी बसलेल्याला द्या. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे अजिबात बघायचं नाही. 100 च्या वेगाला आलेखात 14 ते 15 वर सुळका आला तर चाकाच्या मागे लागा. 58 वर आला तर संशय शाफ्टवर, चाकं बॅलन्स करण्यात, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करण्यात, काही अर्थ नाही.

मग प्रश्न येतो, साठला गप्प असलेली गाडी ऐंशीपासून एकशेदहापर्यंतच का थरथरते? आणि काही गाड्या एकशेवीसला पुन्हा शांत का होतात? याची दोन कारणं आहेत. पहिलं, फिरणाऱ्या वजनाचा बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 15 इंची रिमच्या कडेला 30 ग्रॅम वजन कमी-जास्त आहे असं समजा. 50 च्या वेगाला त्याचा ओढा सव्वा किलोच्या आसपास. 100 ला तोच पाच किलोच्या जवळ जातो, आणि सेकंदाला साडेचौदा वेळा दिशा बदलत बदलत लागतो. तीस ग्रॅम हातात घेतले तर काहीच वाटत नाही, म्हणून हा आकडा मी मुद्दाम सांगतो.

दुसरं कारण चाकाच्या लटकण्यात आहे. चाक एकीकडे सस्पेन्शनला आणि दुसरीकडे टायरच्या हवेला टेकून उभं असतं, आणि या जोडणीची स्वतःची एक डोलण्याची गती असते. गाड्यांमध्ये ती साधारण सेकंदाला दहा ते पंधराच्या दरम्यान येते. झोपाळ्याला बरोबर ठेक्यावर ढकललं की छोट्या धक्क्यानेही तो उंच जातो, तसं चाकाचे धक्के या गतीशी जुळले की थरथर फुगते. वेग पुढे गेला की ठेका सुटतो आणि गाडी शांत होते. पण तिथे ती शांत झाली म्हणून दोष गेला असं समजू नका. बेअरिंगला आणि जॉइंटांना तो मार बसतच असतो.

याउलट, वीस-तीसच्या वेगाला गाडी डुलत असेल, स्टिअरिंग हळूहळू डावीकडे-उजवीकडे जात असेल, तर तो बॅलन्सिंगचा विषयच नाही. इतक्या कमी वेगाला काही ग्रॅमांचा जोर लागत नाही. तिथे रिम बेंड झालेली असते, किंवा टायरच्या आतला स्टीलचा पट्टा सुटलेला असतो. हा सुटलेला पट्टा धोक्याचा आहे, त्याकडे पुढे येतो.

जागेचा ठोकताळा तुम्हाला माहीत असेल: स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट आणि पायाखालची फरशी हलली तर मागची. बहुतेक वेळा हा खरा ठरतो, पण मागच्या चाकाचा धक्का बॉडीतून फिरून पुढेही येतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका.

आता चालवून बघायची चाचणी. गुळगुळीत, रिकामा, सरळ रस्ता पाहिजे. काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यांचा मारही थरथरीसारखा लागतो, म्हणून दुसऱ्या रस्त्यावर पडताळून घ्या. ज्या वेगाला थरथर येते तिथे गाडी न्या आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. फरक पडला का? मग तोच वेग धरून एक गिअर खाली या. वेग तोच आहे, आरपीएम बदलले आहेत. थरथरही बदलली तर ती इंजिनाच्या बाजूची. नाही बदलली तर क्लच दाबून गाडी थोडी वाहू द्या. इंजिन चालू राहिलं पाहिजे, किल्ली फिरवायची नाही. तरीही थरथर तशीच राहिली, तर इंजिन, माउंटिंग, क्लच यांची नावं यादीतून काढून टाका.

पाय दाबल्यावरच, विशेषतः चढावर जोर लावताना, गाडीचं नाक आडवं डुलत असेल आणि पाय काढताक्षणी ते थांबत असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलचा आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट बघा. त्यात बऱ्याचदा तीन रोलर असतात आणि ते आपापल्या खाचेत सरकतात. खाच झिजली की जोर पडल्यावर रोलर अडतात, आणि चाकाच्या एका फेऱ्यात तीन आडवे धक्के बसतात. बाहेरचा जॉइंट गेला तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट वाजते. तो वेगळा दोष आहे, या दोन्हींची गल्लत फार होते.

ब्रेक दाबल्यावरच थरथर येते, तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी आणि ब्रेक पॅड जिला पकडतात ती चकती. डिस्कच्या जाडीत एका फेऱ्यात दोन शतांश मिलिमीटरचा फरक असला तरी पायाला जाणवू शकतो. डोळ्याला तो कधीच दिसणार नाही. मायक्रोमीटरने डिस्कच्या कडेने सात-आठ जागी मोजावा लागतो.

मागून प्रश्न आला आहे: ‘दोन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, मशीन शून्य दाखवतं, तरी गाडी थरथरते. मशीन खोटं बोलतं का?’

चांगला प्रश्न आहे. मशीन खरं सांगतं, पण ते मशीनवर बसलेल्या चाकाबद्दल सांगतं. तिथे चाक शंकूने मधोमध धरलेलं असतं. गाडीवर तेच चाक हबवर बसतं, आणि हब स्वच्छ नसेल तर ते मधोमध बसत नाही. सोळा किलोचं चाक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलं, तर हिशोब रिमच्या कडेला 42 ग्रॅम जादा लावण्याइतका होतो. म्हणजे मशीनने काढलेलं सगळं तुम्ही चाक बसवताना परत घातलंत.

म्हणून चाक काढलं की आधी हबचा चेहरा बघायचा. मी हे कसं करतो ते सांगतो. पहिल्यांदा अंगठा फिरवायचा. चांगला हब गार आणि सपाट लागतो. गंजलेल्या हबवर मधल्या गोल उंचवट्याच्या मुळाशी, नेमक्या कोपऱ्यात, खपली धरलेली असते. ती तपकिरी असते, नखाने निघत नाही, आणि चाक चढवलं की बरोबर तिच्यावरच रिमची कड येते. नट आवळले की सगळं घट्ट वाटतं, पण चाक एका बाजूने केसभर तिरकं राहिलेलं असतं. तारेच्या ब्रशने ती खपली पूर्ण काढायची, रिमच्या आतल्या बाजूची बसण्याची जागाही तशीच घासायची, मग चाक लावायचं. बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हील असतील तर आणखी एक गोष्ट बघा. त्यांचं मधलं भोक बरेचदा हबपेक्षा मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालतात. मधली जागा भरणारी रिंग नसेल, तर चाक मधोमध येणं फक्त नटांच्या भरवशावर राहतं.

हबचं काम झालं की टायर. मशीन शून्य दाखवत असताना टायर अंड्यासारखा असू शकतो, कारण वजन सारखं वाटलं म्हणून आकार गोल होत नाही. चाक जॅकवर घ्या, जमिनीवर टेकलेल्या ठोकळ्याला पेन्सिल बांधा, टोक टायरच्या नक्षीजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होते का ते बघा. एक मिलिमीटरच्या पुढे फरक गेला, तर हायवेवर तो जाणवण्याची शक्यता बरीच. मग रिमच्या कडेवर तसंच करा. रिम सरळ निघाली तर दोष टायरचा. गोल दिसणारा टायरही एका जागी जास्त कडक असू शकतो. तो फक्त भार देऊन, रोलर दाबून तपासणाऱ्या बॅलन्सिंग मशीनवर सापडतो. अशी मशीन सगळीकडे नसतात, पण जिथे आहे तिथे जरूर जा.

या सगळ्या अवजारांच्या आधी एक चाचणी फुकट आहे, आणि ती मला सर्वांत जास्त भरवशाची वाटते. पुढची दोन चाकं मागे टाका आणि मागची पुढे. थरथर स्टिअरिंगवरून सीटखाली गेली तर दोष चाकातच. तशीच स्टिअरिंगवर राहिली तर हब, बेअरिंग, अ‍ॅक्सल. पुढे-मागे टायरचा साइज वेगळा असेल तर मात्र हे करू नका.

अलाइनमेंटबद्दल बोलतो, कारण थरथरीसाठी सर्वांत आधी तीच केली जाते. चाकांचे कोन चुकले की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडे झिजतात. झिजलेला, लाटा पडलेला टायर पुढे थरथरतो हे खरं. पण तेव्हा कोन सरळ करून टायर बरा होत नाही. तसंच बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड या सस्पेन्शन-स्टिअरिंगच्या सांध्यांमध्ये आलेली ढिलाई थरथर निर्माण करत नाही, ती असलेली थरथर वाढवते. ढिलाई काढाच, ती सुरक्षेची गोष्ट आहे, पण मूळ धक्का कुठून येतो हा शोध त्यानंतरही चालू ठेवा.

आणि आता ज्या खुणा दिसल्या तर चाचणीसाठीसुद्धा गाडी वेगात न्यायची नाही, त्या. टायरच्या बाजूला फुगा आला आहे. नक्षीचा एक भाग वर उचलल्यासारखा दिसतो, किंवा तिथली रेघ वाकडी गेली आहे. थरथर दर प्रवासाला वाढते आहे. पट्टा सुटत चाललेला टायर असाच वागतो, आणि तो वेगात फुटतो. स्टेपनी लावा आणि सावकाश या. स्टेपनीच्या बाजूवरचा चार आकडी कोडही त्या वेळी वाचा: 2319 लिहिलं असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. कधीच न वापरलेली स्टेपनीही पडून पडून जुनी होते.

शेवटची खूण सर्वांत साधी. पंक्चर काढलं, टायर बदलले, ब्रेकचं काम झालं, आणि त्यानंतर लगेच थरथर सुरू झाली. गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्या आणि नट बघा. नट चांदणी काढताना रेघा ओढतो तसे समोरासमोरचे आवळायचे असतात, एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटचा आवळा टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. प्रवासी गाड्यांना तो बहुधा 90 ते 120 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. एअर गनने कडाकड आवळलेले नट एक घट्ट आणि एक सैल राहतात, आणि डिस्कही त्याने तिरकी बसते. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की रेंच पुन्हा एकदा लावायचा.