हातावरच्या शिरा दिसतायत? जरा हात वर करा

लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो की ठरलेलं वाक्य, "मूठ आवळा, हात खाली सोडा." मग दंडाला रबराचा पट्टा, दोन टिचक्या, आणि शीर टरारून वर आली की ताई खूश. गंमत बघा, ज्या शिरा बघून लॅबवाले खूश होतात त्याच शिरा बघून आपण रात्री दोन वाजता मोबाईलवर रोग शोधत बसतो.

हा पट्टा तसा जुनाच. इटलीत पादुआला फाब्रिसियस नावाचा प्रोफेसर होता, त्याने शिरांच्या आतल्या झडपा बघून ठेवल्या होत्या, छोटी दारं म्हणायचा त्यांना, पण ती दारं कशासाठी ते त्याला नीट उमगलं नाही. ते दाखवलं त्याच्या विद्यार्थ्याने, विल्यम हार्वेने. १६२८ सालच्या त्याच्या पुस्तकात दंडाला पट्टी बांधलेला हात आहे, शीर फुगलेली, आणि बोटाने रक्त मागे ढकलायला गेलं की ते झडपेपाशी अडतं. म्हणजे शिरेतलं रक्त एकाच दिशेने जातं, हृदयाकडे.

आता तुमचा हात. मिनिटभर खाली लोंबू द्या. आल्या शिरा वर? आता हळूहळू डोक्याच्या वर न्या. गेल्या ना बसून? शिरेची भिंत पातळ, आत प्रेशर कमी, त्यामुळे हात खाली असला की रक्त साठतं आणि वर गेला की उतरतं, एवढंच. आणि हो, निळ्या दिसतात म्हणून रक्त निळं नसतं, गडद लालच असतं, निळेपणा हा कातडीतून येणाऱ्या उजेडाचा खेळ.

बाकी उन्हात, जिममध्ये, बारीक माणसात, गरोदरपणात शिरा उठून दिसतातच. आणि आजीचा हात! लहानपणी तिच्या हातावरची शीर बोटाने इकडून तिकडे सरकवत बसायचो आपण, कारण वयाने कातडी पातळ होते, खालची चरबी जाते आणि शिरेला धरून ठेवणारं काही उरत नाही, म्हणून तर नर्स म्हणतात "आजींची शीर पळते".

मग घाबरायचं कधी? सलाईन लावलेल्या जागी शीर लाल, कडक दोरीसारखी झाली आणि दुखायला लागली तर दाखवून या. पण एकच हात अचानक सुजला, जड झाला, निळसर पडला तर उद्यावर टाकू नका, आत गुठळी असू शकते. हृदयावर ताण असेल तर डॉक्टर हातापेक्षा मानेची शीर बघतात, पेशंटला अर्धवट रेलून बसवून.

आणि एक हात असा असतो जिथे शीर मुद्दाम फुगवलेली असते. डायलिसिसच्या पेशंटचा. सर्जन मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, काही आठवड्यांत शीर जाड होते, वर बोट ठेवलं तर थरथर लागते. ती थरथर पेशंट रोज स्वतः तपासतो, आणि त्या हाताला डायलिसिसच्या सुया सोडल्या तर ना दुसरी सुई, ना बीपीचा पट्टा.