डायोड किती व्होल्टचा घ्यावा?

नमस्कार श्रोतेहो. पॉवर सप्लाय जोडायला बसलं की सुरुवातीलाच प्रश्न पडतो, रेक्टिफायरसाठी, म्हणजे एसीचं डीसी करायला, एकाच दिशेने करंट सोडणारा डायोड किती व्होल्टचा घ्यायचा? ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा, मग ५० व्होल्टचा डायोड भरपूर झाला, असं वाटतं. जरा हिशेब मांडू या.

ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ व्होल्ट हे आरएमएस, म्हणजे एसीचं एक प्रकारचं सरासरी मूल्य असतात. पीक, म्हणजे लहरीचं टोक, त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. एकाच डायोडचा, लहरीचा अर्धा भागच वापरणारा हाफ वेव्ह रेक्टिफायर केला, की पुढचा कपॅसिटर १७ व्होल्टपर्यंत चार्ज होऊन बसतो. पुढच्या अर्ध्या सायकलमध्ये वाइंडिंगचं टोक उणे १७ वर जातं. म्हणजे डायोडला त्या क्षणी उलट्या दिशेने ३४ व्होल्ट अडवायचे असतात. वाइंडिंगच्या मधोमध तार काढलेल्या सेंटर टॅपच्या १२-०-१२ जोडणीतही ३४च. चार डायोडच्या ब्रिजमध्ये मात्र प्रत्येक डायोडच्या वाट्याला १७च येतात. डायोडचं व्होल्टेज रेटिंग असतं ते या उलट्या व्होल्टेजचं, पीआयव्हीचं म्हणजे पीक इन्व्हर्स व्होल्टेजचं.

आता यात भर घाला. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर छापल्यापेक्षा बराच जास्त व्होल्टेज देतो. मेन्स कधी चढते. शेजारची मोटर बंद होताना स्पाइक येतो. ३४ चे ५० व्हायला वेळ लागत नाही. आणि डायोड जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो. मग एसी थेट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पोचतो, तो तापून फुगतो, फुटतोही. म्हणून हिशेबात आलेल्या आकड्याच्या निदान दुप्पट रेटिंग घ्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पण वन-एन-४००० मालिकेत मी दुपटीवरही थांबत नाही. ४००१ हा ५० व्होल्टचा, ४००४ हा ४०० चा, ४००७ हा १००० चा. आकार तोच, करंट तोच १ अँपियर आणि किमतीतला फरक जाणवण्याइतकासुद्धा नाही. मग सात प्रकार कशाला सांभाळायचे? सरळ ४००७ घ्यावा आणि एकाच डबीत ठेवावा. २३० व्होल्ट थेट हाफ वेव्ह करून कपॅसिटरला दिले, तर उलटा दाब ६५० व्होल्टवर जातो. तिथे ६०० व्होल्टचा ४००५ कमी पडतो, ४००७ निभावतो. ३ अँपियरसाठी ५४०८ आहे, तोही १००० व्होल्टचाच.

शॉट्की डायोड, म्हणजे कमी व्होल्टेज खाणारा वेगवान डायोड, याच्या बाबतीत मात्र ‘जास्त व्होल्टचा घ्या’ हा सल्ला देऊ नये. वन-एन-५८१९ फक्त ४० व्होल्टचा, पण १ अँपियरला त्याच्यावर साधारण अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे वाया जातो. ४००७ वर जवळजवळ एक. ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये ब्रिजमुळे दोन डायोड मार्गात येतात, म्हणजे ४००७ वापरले तर १ अँपियरला जवळजवळ २ वॅट निव्वळ उष्णतेत जातात. शॉट्कीमध्ये रेटिंग वाढवत गेलं की हा ड्रॉपही वाढत जातो. तिथे गरजेपुरतंच, थोडी मोकळीक ठेवून निवडावं.

स्विच मोड सप्लायच्या, म्हणजे आत करंट फार वेगाने चालू-बंद करणाऱ्या सप्लायच्या, आउटपुटलाही ४००७ लावू नका. व्होल्टेज पुरतं, पण तो बंद व्हायला फार वेळ घेतो आणि तापतो. तिथे यूएफ-४००७ सारखा वेगवान डायोड किंवा व्होल्टेज कमी असेल तर शॉट्कीच लागतो.